विदर्भाच्या दहा खासदारांना खुले पत्र: आमच्याकडून जे जातं, त्याचाही हिशेब मांडा

प्रति,
विदर्भातून लोकसभेवर निवडून गेलेले दहाही खासदार
(बुलडाणा, अकोला, अमरावती, वर्धा, रामटेक, नागपूर, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर, चंद्रपूर, यवतमाळ-वाशीम)

राम राम.

१ डिसेंबरला संसदेचं हिवाळी अधिवेशन सुरू होतंय. त्याच्या आधी हे पत्र तुमच्या हाती पडावं, म्हणून वेचणीच्या दिवसांत रात्री बसून लिहिते आहे. तुम्ही दहा जण आहात. तिघे सत्तेच्या बाकांवर, सात जण विरोधी बाकांवर. पत्र दहांनाही सारखंच आहे, कारण मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते एका पक्षाने सुरू केलं आणि दुसऱ्याने थांबवलं, असं कधी झालेलं नाही.

निमित्त कापसाच्या आयात शुल्काचं आहे. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं. आधी सांगितलं, ३० सप्टेंबरपर्यंतच. मग दहाच दिवसांत ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. या तारखा नीट पाहा. आमच्याकडे पहिला वेचा दसऱ्याच्या आसपास घरात येतो. डिसेंबर संपेपर्यंत लहान शेतकऱ्याचा बहुतेक कापूस विकून झालेला असतो, कारण त्याला थांबणं परवडत नाही. ज्या तीन महिन्यांत आम्ही कापूस घेऊन बाजारात उभे असतो, नेमक्या त्याच महिन्यांसाठी बाहेरच्या कापसाला दार उघडं ठेवलं गेलं. त्याच वर्षी १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकता मिशनची घोषणा झाली होती. कापूस जास्त पिकवा, असं फेब्रुवारीत सांगायचं आणि ऑगस्टमध्ये बाहेरून बिनशुल्क आणायचा, ही दोन्ही कामं एकाच सरकारची आहेत.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातली. पाच एकर कोरडवाहू वावर. चार एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, तिच्यात मधेमधे तूर, आणि एक एकर सोयाबीन. गावातल्या महिला बचत गटाचा हिशेब माझ्याकडे असतो. त्यामुळे माझ्याच नाही, गटातल्या सगळ्या घरांतल्या पैशांची ये-जा मला ठाऊक आहे. कुणी कधी कापूस विकला, कुणाचा हप्ता चुकला, कुणी पोरीच्या फीसाठी मंगळसूत्र गहाण ठेवलं, हे मला वहीतून कळतं. त्या वहीच्या भरवशावरच लिहिते आहे.

शुल्क का काढलं, तेही मी वाचलं आहे. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. तिरुपूरसारख्या ठिकाणच्या कापड कारखान्यांचा धंदा अडचणीत आला, तिथल्या कामगारांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. ती माणसंही आमच्यासारखीच हातावर पोट असलेली आहेत. त्यांना वाचवायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की त्यांना वाचवण्याचा खर्च कुणी भरायचा? सरकारकडे तिजोरी आहे. गिरण्यांना व्याजात सवलत देता येते, निर्यातीला मदत करता येते, कामगारांच्या खात्यात थेट पैसे टाकता येतात. तसं केलं असतं तर तो खर्च अर्थसंकल्पात दिसला असता आणि सभागृहात कुणीतरी त्यावर बोट ठेवलं असतं. शुल्क काढलं की खर्च कुठेच दिसत नाही. तो आमच्याकडून वजनकाट्यावर वसूल होतो, क्विंटलमागे, आणि त्याची पावती कुणी फाडत नाही.

याच शुल्काची गोष्ट थोडी मागून सांगते. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते लावलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या फायद्यासाठी लावतोय असं सांगितलं होतं. पुढच्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. आमच्या गावात तेवढ्या भावापर्यंत थांबू शकलेले थोडेच होते, पण निदान कापसालाही असा भाव मिळू शकतो हे लोकांनी पाहिलं. लगेच १४ एप्रिल २०२२ पासून शुल्क काढलं. भाव फार चढले, म्हणून. २०२५ मध्ये भाव हमीभावाच्याही खाली होता, तेव्हाही काढलं. भाव चढला तरी काढायचं आणि पडला तरी काढायचं, तर शेतकऱ्याच्या फायद्यासाठी ते उरणार तरी कधी?

विरोधी बाकांवरच्या सात जणांनी यावर मान डोलावण्याआधी हेही आठवावं. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात एका आदेशाने बंद झाली, तेव्हा दिल्लीत तुमच्यापैकी बहुतेकांचं सरकार होतं. त्याच्याही मागे गेलो तर एकाधिकार खरेदीचा काळ आहे, कापूस फक्त राज्य सरकारलाच विकायचा. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी आमच्या बापजाद्यांना कापूस सीमेपलीकडे नेता येत नव्हता, नेला तर पकडला जायचा. शेतकरी संघटनेचे शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणायचे, म्हणजे द्यायच्या ऐवजी शेतकऱ्याकडूनच घेणं. चाळीस वर्षांपूर्वी ते विदर्भातल्या गावागावांत हेच समजावून सांगत फिरले. २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी मिळून अभ्यास केला, त्यातही तेच निघालं. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात, खत-विजेची सबसिडी जमेला धरूनसुद्धा, सरकारी धोरणांमुळे भारतातल्या शेतकऱ्याच्या हाती दरवर्षी सरासरी १४ टक्के कमी पैसे पडले. या काळात दिल्लीत दोन्ही बाजूंची सरकारं होऊन गेली.

आता हमीभावाकडे येते. यंदा मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झालेत. सरकार म्हणतं, खर्चाच्या दीडपट दिला. तो खर्च सरकारने क्विंटलला ५,१४० रुपये धरला आहे. त्यात बी, खत, औषध, मजुरी आणि घरच्यांच्या कष्टाची किंमत येते. जमिनीचा मक्ता, म्हणजे भाडं, येत नाही, आमच्या गुंतवलेल्या पैशाचं व्याज येत नाही. कारखान्याचा उत्पादन खर्च काढताना जागेचं भाडं आणि भांडवलाचं व्याज कुणी सोडून देतं का? स्वामिनाथन आयोगाने जो सगळा खर्च धरून ५० टक्के नफा द्यायला सांगितला होता, त्या हिशेबाने यंदाचा भाव दहा हजारांच्या पुढे जातो.

२० मार्च २०१४ ला आमच्याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या दाभडीला नरेंद्र मोदी चाय पे चर्चेसाठी आले होते. त्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के नफ्याचा शब्द होता. २०१५ च्या फेब्रुवारीत सरकारने सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलं की असं करता येणार नाही, बाजार बिघडेल. २०१८ मध्ये खर्चाची व्याख्या छोटी धरून शब्द पाळला असं जाहीर केलं. तीन कृषी कायदे मागे घेतल्यावर हमीभावासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. त्या समितीचा अहवाल आम्हाला अजून वाचायला मिळालेला नाही. तुमच्यापैकी कुणी तो सभागृहात मागितला असेल तर तारीख सांगा, मी गावात वाचून दाखवीन.

आणि जाहीर झालेला भाव तरी हातात पडतो का? तिथे माझं म्हणणं जरा सविस्तर ऐका.

सरकारी केंद्रावर कापूस द्यायचा तर आधी मोबाईलवर नोंदणी करायची. त्यासाठी सातबारा, आधार, ई-पीक पाहणी, आणि मग तारीख मिळायची वाट. आमचं वावर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते गेले, फेरफार अडकून आहे. त्यामुळे नोंदणीत आमचं नाव लागत नाही. गावात मक्त्याने आणि बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याचं वावर करणारी कितीतरी घरं आहेत. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणजे सरकारच्या लेखी त्यांनी कापूस पिकवलेलाच नाही. ज्यांची नोंदणी होते त्यांना ओलाव्याचं यंत्र आडवं येतं. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, त्याच्या वर कपात, १२ टक्क्यांच्या वर गाडी परत. यंदा सप्टेंबरभर पाऊस होता, बोंडं झाडावरच सडली, पहिल्या वेच्यात कवडीच, म्हणजे डागी कापूसच, जास्त निघाली. तो कापूस वाळवायचा कुठे? आमची घरं दोन खोल्यांची. एका खोलीत छताला भिडेल एवढा कापूस, दुसरीत माणसं. कापूस घरात साठला की अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवत राहतात, हे विदर्भातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

आणि हातात पैसा तर तेव्हाच लागतो. वेचणाऱ्या बायांना यंदा किलोमागे दहा रुपये द्यावे लागतात. त्या संध्याकाळी वजन झालं की पैसे मागतात, आणि मागणारच, त्यांच्याही घरी चूल आहे. केंद्रावरचे पैसे खात्यात यायला दिवस लागतात. मग खेडा खरेदीवाला दारात गाडी घेऊन उभा राहतो, रोख मोजतो, आणि तो म्हणेल तो भाव. आम्हाला यंदा ६,८०० मिळाला. चांगल्या पांढऱ्या कापसाला.

याचा हिशेब मी वहीत मांडला, तो तुम्हालाही दाखवते. ८,११० मधून ६,८०० गेले, उरले १,३१०. यंदा आमच्या चार एकरांत पंधरा क्विंटलच होईल असा अंदाज आहे. पंधरा क्विंटलचे होतात १९,६५० रुपये. आता येणं धरा. केंद्र सरकारचे वर्षाला ६,०००, राज्य सरकारचे ६,०००, मिळून १२,०००. एका हाताने बारा हजार दिले आणि एकाच पिकात साडेएकोणीस हजार गेले. यात तूर धरली नाही, तीही परदेशातून बिनशुल्क येते आहे. सोयाबीन धरलं नाही, ज्याच्या तोंडावर ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. सगळा फरक आयातीमुळेच पडला, असं मी म्हणत नाही. पाऊस आहे, जगाचा बाजार आहे. पण जो भाग सरकारच्या हातात होता, तो आमच्या बाजूने एकदाही वळला नाही.

आमच्या गटातल्या एक म्हाताऱ्या सदस्य हा हिशेब ऐकून म्हणाल्या, "म्हणजे पोरी, सरकार आपल्याले देते का आपल्यापासून घेते?" हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. सभेत, फलकावर, मोबाईलच्या संदेशात आम्हाला जे दिलं त्याचाच आकडा असतो. दिलं त्याचा फोटो निघतो. घेतलं त्याचा आकडा काढायला देशात एकही खातं नाही.

औषधाचंच घ्या. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी, खतावर ५ टक्के. सप्टेंबरमध्ये ट्रॅक्टरवरचा १२ चा ५ टक्के झाला, चांगलं झालं. पण पाच एकरवाला ट्रॅक्टर घेत नाही, बोंडअळीचं औषध घेतो, आणि त्यावरचा १८ तसाच राहिला. व्यापाऱ्याला आणि कारखान्याला खरेदीवर भरलेला जीएसटी पुढच्या हिशेबात वजा करून मिळतो. शेतकरी नोंदणीतच नाही, त्याचा वजा होत नाही. युरियाच्या थैलीसोबत नको असलेला माल गळ्यात मारतात, त्या लिंकिंगबद्दल तर आता कुणी तक्रारही करत नाही.

हे एवढं असून देशात पैसाच नसता तर मी गप्प बसले असते. तसं नाही. २० सप्टेंबर २०१९ ला मोठ्या कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आला, नव्या कारखान्यांना १५ टक्के. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडतोय, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. ज्यांचं वर्षाचं उत्पन्न पाच कोटींच्या वर आहे, त्यांच्या करावरचा अधिभार २०२३ मध्ये नव्या करपद्धतीत ३७ वरून २५ टक्के केला. वारसाहक्काच्या मोठ्या संपत्तीवरचा कर १९८५ मध्ये गेला, तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं. संपत्ती कर २०१५ मध्ये गेला, तेव्हा भाजपचं. इथे सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात मतभेद दिसत नाहीत. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी मार्च २०२४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के आणि उत्पन्नापैकी २२.६ टक्के वरच्या एक टक्का लोकांकडे होतं. दुसरीकडे सरकारच्याच २०१९ च्या पाहणीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकातून आलेले ३,७९८, आणि मजुरीतून आलेले ४,०६३. देशातला शेतकरी आपल्या वावरातून कमावतो त्यापेक्षा जास्त दुसऱ्याकडे राबून कमावतो, हे सरकारी कागदावर लिहिलेलं आहे.

कर्जाचीही तीच गत. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत उत्तर दिलं गेलं की २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटींची कर्जं निर्लेखित केली, म्हणजे आपल्या हिशेबाच्या वहीतून काढून टाकली. त्यातली ७.४० लाख कोटी मोठ्या उद्योगांची आणि सेवा क्षेत्राची. निर्लेखित केलं तरी वसुली चालू राहते, हे मला माहीत आहे. त्याच उत्तरात वसुलीचा आकडाही होता, दोन लाख कोटींच्या थोडा वर. आमच्याकडे एका हंगामाचं पीककर्ज थकलं की पुढच्या हंगामात बँकेचं दार बंद. ते दार बंद झालं की घरातली बाई मायक्रोफायनान्सकडे जाते. आमच्या गावात दर आठवड्याला हप्तेवाले येतात, बायांना एका अंगणात बसवतात, एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्यांना उठू देत नाहीत. व्याज वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास. या व्याजावर आधी रिझर्व्ह बँकेची मर्यादा होती, २०२२ मध्ये ती काढली. ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याला सगळ्यात महाग पैसा, हे विषमतेचं मूळ मला माझ्या वहीत दर आठवड्याला दिसतं. दहा बायांपैकी सहा-सात जणी एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज काढतात. कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ, असं राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या रस्त्यावर हजारो शेतकरी बसल्यावर सांगितलं. त्या माफीत या बायांचं कर्ज येणार नाही, कारण ते शेतीच्या नावावर नाही. घेतलं मात्र शेतीसाठीच आहे.

आत्महत्यांवर फार लिहिणार नाही. लिहायला हात धजत नाही. १९ मार्च १९८६ ला आमच्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी बायको-लेकरांसह आयुष्य संपवलं, तेव्हापासून सगळी सरकारं येऊन गेली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरची अट होती, आणि कोरडवाहू विदर्भात पाच एकरांच्या वर जमीन असूनही कंगाल असलेले शेतकरी पूर्ण माफीतून वगळले गेले. गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या एनसीआरबी या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात शेतीशी संबंधित १०,७८६ आत्महत्या आहेत, त्यातल्या ३८.५ टक्के एकट्या महाराष्ट्रातल्या. माणूस गेल्यावर घरच्यांना मिळणारी मदत वीस वर्षांपूर्वी १ लाख होती, आजही तेवढीच आहे. तीही समितीने पात्र ठरवलं तर.

आता तुमच्याबद्दल. हे रागाने लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय पत्र अपुरं राहील. २४ मार्च २०२५ च्या अधिसूचनेने खासदारांचा पगार महिन्याला १ लाखावरून १ लाख २४ हजार झाला, आणि तोही १ एप्रिल २०२३ पासून मागे जाऊन. माजी खासदाराचं निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ३१ हजार झालं. तुम्हाला पगार मिळावा, चांगला मिळावा, मी त्याच्या विरोधात नाही. गरिबाघरच्या माणसाला खासदार होऊन जगता आलं पाहिजे. मला त्यातली एकच गोष्ट बोचते. २०१८ मध्ये तुम्ही कायदा असा केला की तुमचा पगार दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढेल, त्यासाठी कुणाला विनंती करावी लागणार नाही, रस्त्यावर बसावं लागणार नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी शेतकऱ्यासाठी वर्षाला ६,००० रुपयांची योजना आली. तिला कोणताच निर्देशांक जोडला नाही. २०१९ मध्ये सहा हजार होते, २०२५ मध्ये सहाच हजार आहेत. महागाई तुम्हाला लागते तशी आम्हालाही लागते, हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. निवडणुकीच्या वेळी दिलेल्या प्रतिज्ञापत्रांवरून लोकसभेतल्या ५४३ पैकी ५०४ खासदार कोट्यधीश आहेत, असा एडीआर संस्थेचा हिशेब आहे. त्यामुळे असं होत असेल का, हे तुम्हीच मला सांगा.

मला तुमच्याकडून काय हवं आहे ते आता स्पष्ट लिहिते.

शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबरच्या पुढे एक दिवसही वाढू देऊ नका. आणि हा प्रश्न दर वर्षी कुणाच्या मर्जीवर राहू नये, म्हणून कायद्यात नियम आणा की ज्या पिकाचा बाजारभाव हमीभावाच्या खाली आहे, त्याचं आयात शुल्क पेरणीपासून विक्री संपेपर्यंत कमी करता येणार नाही. हंगामाच्या मध्ये निर्यातबंदीही करता येणार नाही. गिरण्यांना मदत लागली तर ती तिजोरीतून करा आणि अर्थसंकल्पात दाखवा.

या हंगामात ज्यांनी हमीभावाच्या खाली कापूस आणि सोयाबीन विकलं, त्यांना फरकाची रक्कम द्या. मध्य प्रदेशात यंदा सोयाबीनला भावांतर दिलं जातंय. नागपूरहून ती सीमा दोन तासांवर आहे, तिथे जमतं ते इथे का जमू नये? त्यासाठी खेडा खरेदीवाल्याला पक्की पावती देणं सक्तीचं करा. पावती नसेल तर फरक कशावर काढणार?

सरकारी खरेदीची नोंदणी सातबाऱ्याच्या नावाऐवजी पीक कुणी उभं केलं यावर करा. मक्त्याने करणारे, बटईदार, फेरफार अडकलेली कुटुंबं, आणि ज्यांच्या नावावर जमीन नाही पण जी आयुष्यभर वावरात राबली अशा बाया, यांना त्यात जागा द्या. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामपंचायत मिळून हा दाखला देऊ शकतात. बाजार समितीत कापूस वाळवायला पक्के ओटे आणि शेड बांधा. ओलाव्यावर गाडी परत पाठवण्यापेक्षा शेतकऱ्याला तिथेच दोन दिवस वाळवू द्या.

कीटकनाशक आणि खतावरचा जीएसटी शून्य करा. ते जमत नसेल तर लहान शेतकऱ्याने भरलेला कर परत करण्याची सोय करा.

शेतकऱ्याच्या ६,००० रुपयांना तुमच्या पगाराला जोडलेला निर्देशांकच जोडा, आणि २०१९ पासूनचा फरक द्या. यापेक्षा साधी मागणी मला सुचत नाही.

मायक्रोफायनान्सच्या व्याजावर पुन्हा मर्यादा घाला. शेतीसाठी घेतलेलं कर्ज बाईच्या नावावर आणि गटातून असलं तरी ते शेतीकर्ज म्हणून धरा.

शेवटची मागणी मोठी आहे, पण तीच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. संपत्ती कर आणि मोठ्या वारसा संपत्तीवरचा कर परत आणायचा की नाही, यावर लोकसभेत चर्चा मागा आणि आपापलं मत नोंदवा. तुम्हाला तो नको असेल तर का नको, तेही मोकळेपणाने सांगा. गुंतवणूक बाहेर जाईल, वसुली अवघड असते, ही कारणं मी वाचली आहेत. ती खरी असतील तर आकड्यांनी पटवून द्या. पण शेतकऱ्याच्या कर्जमाफीवर वर्षानुवर्षं चर्चा होते, दारू पितो, लग्नात उडवतो इथपर्यंत बोललं जातं, आणि श्रीमंताच्या करमाफीवर एका दिवसाचीही चर्चा होत नाही, हे आता आम्हाला मान्य नाही.

तुमच्यापैकी काही जण चांगलं काम करता, फोन उचलता, हे मला माहीत आहे. रस्ता, सभागृह, हायमास्ट दिवा यासाठी तुमचे आभार गावाने फलक लावून मानले आहेत. पण दिवा लावणं ग्रामपंचायतीला जमतं. दिल्लीत आयात शुल्कावर हात वर करणं फक्त तुम्हालाच जमतं, आणि त्यासाठीच आम्ही मत दिलं होतं.

दहा जण वेगवेगळ्या पक्षांचे असलात तरी कापूस, सोयाबीन, धान आणि तुरीच्या प्रश्नावर एका कागदावर सह्या करू शकता. तो कागद अर्थमंत्र्यांना द्या. तुमच्यापैकी प्रत्येकाने या अधिवेशनात निदान एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागेल असा, यावर टाका आणि त्याचा क्रमांक जाहीर करा. चिठ्ठीत तो नाही निघाला तर शून्य प्रहरात बोला. संसदेचं कामकाज आता मोबाईलवर दिसतं, आम्ही बघणार आहोत.

२६ जानेवारीला आमची ग्रामसभा आहे. या पत्राला दहांपैकी ज्यांचं लेखी उत्तर येईल, ते तिथे पूर्ण वाचून दाखवीन, एक ओळही न गाळता. ज्यांचं येणार नाही, त्यांचं नावही वाचलं जाईल. तुमच्यापैकी कुणाला स्वतः येऊन बोलायचं असेल तर ग्रामपंचायतीला आठ दिवस आधी कळवा. वेळ सकाळी दहाची आहे, पण बाया वेचणीवरून परतल्यावर संध्याकाळी बसायची सोय करू, कारण हे उत्तर त्यांनी ऐकायला हवं.

आपली,
एक कापूस उत्पादक शेतकरी बाई
ता. राळेगाव, जि. यवतमाळ
नोव्हेंबर २०२५